नसीम मॅडमची हनुवटी

दर जूनमध्ये आठवीच्या नव्या वर्गावर विज्ञानाचा पहिला तास असला की नसीम मॅडम फळ्याकडे वळायच्याच नाहीत. हजेरी झाली की टेबलापुढे येऊन उभ्या राहायच्या, डोक्यावरची ओढणी जराशी मागे सारायच्या आणि म्हणायच्या, "पोरींनो, आधी माझं तोंड बघून घ्या. पोटभर बघा. कुणाला जवळून बघायचं आसंल तर फुडं या. हौ, मला दाढी येते. रोज करते, तरी दुपारपतोर हिरवी दिसते. बघून झालं? आता आपण पेशी बघू."

वर्ग आधी चिडीचूप व्हायचा. मग कुठून तरी हसू फुटायचं, त्याच्या मागून आणखी चार हसू, आणि मॅडम स्वतः सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा हसायच्या. थोड्या वेळानं पोरी माना खाली घालून कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढत असायच्या. वर्षभर मग मागच्या बाकांवर त्यांच्या हनुवटीबद्दल कुजबुज होत नसे. कुजबुजायला त्यांनी काही शिल्लकच ठेवलेलं नसायचं.

केजच्या या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला आले, तेव्हा स्टाफरूममध्ये मला त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. उंच, आडव्या अंगाची बाई. सुती पंजाबी ड्रेस, मनगटावर पुरुषी घड्याळ. आवाज असा की खालच्या मजल्यावरची पोरगी वरून हाक मारली तरी थांबायची. पहिल्याच दिवशी माझी नजर त्यांच्या हनुवटीवर गेली आणि मी ती घाईघाईनं खिडकीबाहेर वळवली. त्यांना ते कळलं. डबा उघडत त्या म्हणाल्या, "बाई, खिडकीत काय न्हाई. इकडंच बघा, सवय व्हईल." आणि डब्यातलं अर्धं सीताफळ माझ्यापुढं ठेवलं.

त्यांच्या भावाचा एसटी स्टँडजवळ फळांचा गाडा होता. त्यामुळे मोसमात जे फळ असेल ते स्टाफरूममध्ये यायचं आणि मॅडमच्या पिशवीतून सगळ्यांना वाटलं जायचं. फळ कापता कापता त्यांचं बोलणं चालायचं. दुसऱ्यांच्या घरचं त्या सहसा बोलत नसत. स्वतःचं मात्र काहीही बोलायच्या. अंगावर केस येणं, पाळी महिनोन्महिने न येणं, चाळिशीच्या आत भांग रुंद होत जाणं, हे सगळं त्या पावसाचं किंवा बसच्या वेळेचं बोलावं तसं बोलायच्या. शिपाईमामा चहा घेऊन आत आले तरी वाक्य अर्धवट सोडायच्या नाहीत. मामाच बिचारे कप ठेवून पळायचे.

एकदा मी त्यांच्याबरोबर मेन रोडवरच्या कटलरीच्या दुकानात गेले होते. मला टिकल्या घ्यायच्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "दाढीचं रेझर द्या."

दुकानदार ओळखीचा होता. "सायबांना कंचं लागतं?"

"सायबाचं सायब बघंल. माझ्यासाठी द्या. नरम कातडीला चालंल असं."

दुकानदारानं खाली बघत दोन-तीन पाकिटं काउंटरवर ठेवली. मॅडमनी एकेक उलटून पालटून बघितलं, एक घेतलं आणि निघाल्या. बाहेर आल्यावर मीच हळूच विचारलं, की वस्तरा लावला की केस आणखी दाट येतात म्हणतात ना?

त्या रस्त्यातच थांबल्या. "असं असतं तर आपल्या हेडसरांनी रोज टकलावर वस्तरा फिरवला असता," त्या म्हणाल्या. मग शिक्षिकेच्या आवाजात समजावलं, की वस्तऱ्यानं केस वरून कापला जातो, त्याचं टोक बोथट होतं म्हणून तो राठ लागतो. मुळाला वरचं काय कळतंय? मूळ ऐकतं ते रक्तातल्या संप्रेरकांचं.

त्यांची पहिली सोयरीक मोडली होती ती याच केसांवरून. हेही त्यांनीच सांगितलं, पेरू कापताना. तेव्हा त्या बी.एससी. होऊन घरी बसल्या होत्या. मुलाकडच्या बायका बघायला आल्या. आईनं तोंडाला पावडर थापली होती. मुलाची खाला, म्हणजे मावशी, जवळ आली, कौतुक करावं तशी हनुवटी धरली आणि ओढणीच्या टोकानं पुसली. पावडर निघाली. शरबत पिऊन सगळ्या निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवशी नकार आला.

"लई रडले मी," मॅडम म्हणाल्या. "अम्मीपण रडली. तवा गाडा अब्बा चालवायचे. ते गाड्यावरून आले, माझ्याजवळ बसले आन म्हनले, बेटा, पावडर लावायला नको हुती. जे हाय ते दाखवून टाकायचं. गिऱ्हाईकाला आतला डाग घरी जाऊन दिसला तर तो फिरून येत न्हाई."

पेरूची फोड मिठाला लावून त्यांनी तोंडात टाकली. "अब्बानं मला फळात काढलं, तरीबी मला ते पटलं."

त्यानंतर त्यांनी बी.एड. केलं, नोकरी धरली आणि लग्नाचा विषय सोडून दिला. युसूफभाई आले ते पुढं बऱ्याच वर्षांनी. धारूर रस्त्यावर त्यांचं ट्रॅक्टर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. शाळेच्या बोअरची मोटार काढायला ते आले होते आणि विज्ञानाच्या मॅडम बाजूला उभं राहून मोटार का जळली असेल याचे त्यांना सारखे प्रश्न विचारत होत्या. महिन्याभरानं त्यांनी मॅडमच्या भावाकडं निरोप पाठवला. मॅडमनी सांगितलं, मला आधी समोरासमोर बोलायचंय.

भावाच्या घरी चहा झाला. मॅडमनी सरळ सांगून टाकलं, "बघा, मला दाढी येते."

युसूफभाईंनी बशीतला चहा संपवला. "येऊ द्या की. मलाबी येते."

हा प्रसंग सांगताना मॅडमचा आवाज दरवेळी जरासा खाली यायचा. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईचा आवाज खाली आला की ऐकणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं. लग्नानंतर काही वर्षं दवाखाने करून त्यांना एक मुलगी झाली. ती आता इंजिनिअर होऊन जालन्याला नोकरी करते.

मॅडमना पोरींच्या तोंडावरचं, मानेवरचं वाचायची सवय होती. जबड्याच्या कडेनं पुन्हा पुन्हा येणारे जाड, दुखरे फोड, ओठांवर दाटलेली लव, मानेमागची मखमलीसारखी जाडसर काळी कातडी. "वयात येताना थोडंफार सगळ्यांनाच व्हतं," त्या म्हणायच्या. "पण दोन-तीन गोष्टी एका जागी दिसल्या आन पाळीचाबी पत्ता नसला, तर डॉक्टरला दाखवावं. मी डॉक्टर न्हाई. मी नुसती दारापतोर न्हेनारी बाई."

पण हे सगळं सांभाळून करायला त्या एका पोरीला दुखवून शिकल्या. दीपाली नावाची मुलगी होती, नववीत. गालांवर फोड, त्यावर मेडिकलमधून विचारून आणलेली कसली तरी ट्यूब लावून लावून तोंड लालबुंद झालेलं. मॅडम वर्गात शिकवता शिकवता तिच्या बाकाजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "दीपाली, हे ट्यूबनं जायचं न्हाई. तुझी पाळी येते का वेळेवर?"

त्यांच्या लेखी तो साधा प्रश्न होता. वर्ग मात्र खिदळला. दीपालीनं बाकावर डोकं टेकलं ते तास संपेपर्यंत वर केलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी मॅडम तिच्या घरी गेल्या. आईनं दार अर्धंच उघडलं, म्हणाली, "तुमाला लाज न्हाई, मॅडम. पन माझ्या लेकराला हाय," आणि लावून घेतलं. दीपालीला मामाच्या गावच्या शाळेत घातलं असं पुढं कळलं.

ते कळलं त्या दिवशी मॅडम स्टाफरूममध्ये पिशवी न उघडताच बसल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, मी उघडी झाले की समद्या मोकळ्या व्हतील. माझं उघडं व्हनं माझ्या मर्जीचं हाय. तिला मी इचारलं का?"

दीपालीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि विसरल्याही नाहीत. त्यानंतर वर्गात त्यांनी कुणाही मुलीच्या तोंडाबद्दल एक शब्द काढला नाही. कुणाशी बोलायचं असलं की तिला मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुवायला बोलवायच्या. नळाच्या आवाजात बोलणं व्हायचं. मुलगी काही बोलली नाही तर परीक्षानळ्या तरी स्वच्छ व्हायच्या.

आश्विनीशी त्यांचं बोलणं असंच त्या नळापाशी सुरू झालं.

आश्विनी दहावीत होती. केजजवळच्या एका वस्तीवरून जीपनं यायची. वडील भागवतराव, बऱ्यापैकी जमीन, कापूस आणि ऊस, एकदा सरपंचही होऊन गेलेले. मुलगी अभ्यासात चांगली, पण भर उन्हाळ्यातही गळ्याला स्टोल गुंडाळून बसायची. कवायतीच्या वेळी बाईंनी स्टोल काढायला लावला तर रडायला लागली. प्रयोगशाळेत मॅडमनी काही न विचारता स्वतःची ओढणी काढून खुंटीला अडकवली आणि पाठमोऱ्या होऊन नळ्या धुवायला लागल्या. त्यांची मान मागून काळी, जाडसर होती. आश्विनी ती बघत उभी राहिली. मग तिनं स्टोल सोडला.

मॅडमनी मला नंतर सांगितलं. मान नुसती काळी नव्हती, सोलवटलेली होती. पाय घासायच्या वजरीनं आई रोज अंघोळीला मान घासायची. पोरगी अंघोळ नीट करत नाही म्हणून मळ साठलाय, असं सगळ्या घराचं मत होतं. वर्गातल्या मुली तिला 'मळकट' म्हणायच्या. पाळी येऊन गेली त्याला पाच-सहा महिने झाले होते.

"तू आईला म्हन, हा मळ न्हाई," मॅडमनी तिला सांगितलं. "आतलं काही तरी बिघडलंय, ते कातडीवर दिसतंय. वजरीनं मान सोलंल, आतलं दुरुस्त व्हनार न्हाई."

आश्विनी म्हणाली, "आई म्हनती, लगीन झालं की समदं आपोआप नीट व्हतं. तेलगावकडचं स्थळ आलंय. दिवाळीनंतर सुपारी हाय."

त्या रविवारी सकाळी मॅडम मला म्हणाल्या, "चला बाई, सोबत." आम्ही जीपनं वस्तीवर गेलो. भागवतरावांचं घर स्लॅबचं, नवं, पुढच्या खोलीत कापसाचा ढीग छताला टेकलेला. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. आश्विनीची आई दारात बसली. आतल्या चुलीपाशी भाकरी थापत असलेली एक वयस्क बाई दिसत होती. ती भागवतरावांची थोरली बहीण, सोजरबाई. लग्नानंतर काही वर्षांतच माहेरी परत आलेली आणि तेव्हापासून इथंच असलेली.

मॅडमनी आश्विनीच्या मार्कांपासून सुरुवात केली. भागवतराव खूश झाले. मग त्या हळूच तब्येतीवर आल्या, तसे ते खुर्चीत सावरून बसले.

"हे बघा मॅडम, पोरीची जात. ह्या गोष्टी आमी पुरुषांनी बोलायच्या न्हाईत. तिची आई बघंल."

"आईच घासती तिची मान," मॅडम म्हणाल्या.

"मग मळ झाल्यावर काय करावं?" दारातून आई बोलली. "लोक मला नावं ठिवत्यात."

मॅडम उठल्या, आईच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसल्या आणि तिच्याकडं पाठ करून ओढणी खाली घेतली. "ही बघा माझी. माझ्या अम्मीनंबी घासली, विटकरीच्या तुकड्यानं. रगत आलं, रंग न्हाई गेला. मी काय अंघोळ करत न्हाई का, ताई?"

आईनं बोट लावून बघितलं.

भागवतरावांनी घसा साफ केला. "ते असंल तसं. पन लगीन झाल्यावर पाळी लायनीवर येती म्हनत्यात समद्या बायका. आन पोरगं चांगलं हाय, उसाची जमीन हाय. एवढं स्थळ घालवून दवाखान्याच्या पायऱ्या चढायच्या? उद्या लोक म्हनतील, पोरीत खोट हाय."

मी कायद्याचं, मुलीच्या वयाचं बोलायला तोंड उघडलं. मॅडमनी तिथूनच माझ्याकडं बघून नको म्हणून मान हलवली.

तेवढ्यात चुलीपाशची थाप थांबली. सोजरबाई पिठाच्या हातांनी उठून आतल्या दारात आल्या. त्यांच्या हनुवटीवर पांढरे राठ केस होते. इतका वेळ माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं.

"भागवता, मी बोलू का?"

"बोल की, आक्का."

"माझं लगीन केलं तवा तू ल्हान हुतास. मला वरीस वरीस पाळी येत न्हवती. तोंडाला केस हुते, चिमट्यानं उपटायची मी. माझीबी मान अशीच हुती. आपले वडील म्हनले, लगीन लावून टाकू, नीट व्हईल." त्या थांबल्या, हाताचं पीठ हातावरच चोळलं. "न्हाई झालं नीट. मूल न्हाई झालं. सासूनं गाडीत घालून हितं आनून सोडलं, त्याचं कुनाला काय वाटलं न्हाई. पन मला कुनी एकदाबी दवाखान्यात न्हेलं न्हाई, भागवता. लगीन हीच दवा असती, तर मी आज ह्या चुलीपशी नसते."

भागवतराव उठले आणि बाहेर गेले. अंगणात ट्रॅक्टरला टेकून ते बराच वेळ रस्त्याकडं बघत उभे होते. आत चहा गार झाला. आश्विनीची आई डोळ्याला पदर लावून बसली होती आणि मॅडम तिच्या शेजारी मांडी घालून.

परत आत आले तेव्हा भागवतरावांनी आमच्याकडं न बघता विचारलं, "कंच्या दवाखान्यात जायाचं असतं?"

"अंबाजोगाईला. बाईच डॉक्टर हाय," मॅडम म्हणाल्या.

"उद्या जाऊ. माझ्या गाडीनं."

"मीबी येते," सोजरबाई म्हणाल्या.

"तू कावून, आक्का?"

"मला काय झालं हुतं ते इचारायला."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेल्या. मी नव्हते. संध्याकाळी त्यांनीच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी आश्विनीचं रक्त तपासायला दिलं, थायरॉइडचंही बघितलं, सोनोग्राफी केली. सगळं आल्यावर समजावलं, की अंडाशयाशी आणि संप्रेरकांशी संबंधित हा त्रास पुष्कळ मुलींना असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. शरीरात इन्सुलिन जास्त होतं तेव्हा मान अशी काळवंडते. रोज चालायचं, खेळायचं, गोड आणि तळलेलं कमी, काही दिवस गोळ्या. पाळी आधी रुळावर येईल, मान सावकाश उजळेल, केसांना सगळ्यात जास्त वेळ लागेल आणि ते पूर्ण जातीलच असं नाही. आणि वजरी फेकून द्यायची.

मग सोजरबाईंनी विचारलं, "मला मूल झालं असतं का?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना जवळ बसवून घेतलं. म्हणाल्या, मावशी, आज नक्की सांगता येत नाही. पण तेव्हा उपचार झाले असते तर होण्याची शक्यता चांगली होती.

येताना वाटेत लोखंडी सावरगावला सोजरबाईंनी गाडी थांबवायला लावली. टपरीवर सगळ्यांना चहा सांगितला. स्वतःचा कप दोन्ही हातांत धरून त्या म्हणाल्या, "बरं झालं कळलं. मला वाटायचं, मीच काय तरी पाप केलं आसंल." भागवतराव टपरीच्या मागं जाऊन उभे राहिले ते गाडी सुरू करायलाच परत आले.

तेलगावच्या स्थळाला 'पोरगी शिकतीय' एवढाच निरोप गेला. गावात थोडे दिवस बोलणं झालं आणि मग कुणाची तरी दुसरी गोष्ट निघाली. आश्विनी दहावी झाली, बारावी झाली, आता लातूरला शेतकी कॉलेजात आहे. तिची मान उजळायला वर्षाच्या वर लागलं. अगदी साफ झाली नाही, पण स्टोल मात्र ती आता फक्त गाडीवर तोंडाला बांधते, बाकीच्या मुलींसारखा.

या सगळ्यात मॅडम स्वतःकडं बघत नव्हत्या. मुलगी झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी दवाखान्यात जाणं बंद केलं ते कायमचं. स्टाफरूममध्ये त्यांची पाण्याची बाटली दुपारच्या आत रिकामी व्हायला लागली. दुसरी भरून आणायच्या, तीही संपायची. मानेवर, पापणीजवळ बारीक बारीक चामखिळी वाढल्या. टाचेला खिळा लागल्याचं निमित्त झालं, ती जखम महिनाभर चिघळत राहिली. मी म्हणायचे, "मॅडम, एकदा साखर तपासा." त्या जिलेबीचा तुकडा मोडून अर्धा मला द्यायच्या. "माझं आता काय ऱ्हायलं? लगीन झालं, लेकरू झालं."

युसूफभाई एकदा त्यांना शाळेतून न्यायला आले होते, तेव्हा हे त्यांच्या कानावर पडलं. ते दारातच थांबले. म्हणाले, "पोरींना रोज सांगती, हे लगनापुरतं न्हाई, जल्माचं हाय, आपल्यासाठी दवा घ्यावी. तू कुनाची पोरगी न्हाईस का?"

मॅडम पिशवी उचलून त्यांच्या मागं निघाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मुलीकडं जालन्याला राहायला गेल्या. फोन होतो कधी कधी. आवाज अजून तसाच, मोबाइल कानापासून लांब धरावा लागतो. औषधं चालू आहेत, साखर आटोक्यात आहे, पायाची जखम भरली, सकाळी युसूफभाईंबरोबर फिरायला जातात, असं सगळं सांगतात. पण डोळ्यांनी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जालन्याला जायच्या थोडं आधी, अंबाजोगाईच्या दवाखान्यात.

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांना खाली बसवून मी वर गोळ्यांचं विचारायला चालले होते. जिन्याच्या वळणावरून समोरचा लांब व्हरांडा दिसत होता. तिथं बाकावर खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका रांगेनं बसल्या होत्या आणि त्यांच्यात मॅडम. मांडीवर केसपेपर, पायात सैल चप्पल, टाचेला पट्टी. पलीकडं युसूफभाई भिंतीला टेकून उभे. मॅडम कुणाशी बोलत नव्हत्या. शेजारच्या बाईनं काही विचारलं तर नुसती मान हलवली. केसपेपरचा कोपरा त्या दुमडत होत्या आणि उलगडत होत्या.

मी हाक मारणार होते. पण त्यांचं तोंड बघितलं आणि थांबले. नसीम मॅडम घाबरल्या होत्या.

आतून त्यांचं नाव पुकारलं. त्या उठल्या. युसूफभाईही दोन पावलं पुढं आले, तशी त्यांनी हातानं खूण केली, तुमी बसा, मी जाऊन येते. दारापर्यंत गेल्या. पडद्याला हात लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. मग मागं वळल्या, परत आल्या, आणि एवढ्या बायकांसमोर त्यांनी युसूफभाईंच्या सदऱ्याची बाही धरली.

"चला," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच इतक्या हळू, की मला शब्द ऐकू आला नाही, नुसते ओठ दिसले. दोघं आत गेले आणि पडदा पडला.